वयाचे किती, सवयीचे किती : वार्धक्यातील शारीरिक बदलांकडे पाहण्याची रीत

साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या गुडघ्यातील कळ, कमी झालेले ऐकू येणे, रात्री दोनदा मोडणारी झोप आणि ऐनवेळी न आठवलेले नाव या चारही गोष्टींचे कारण मराठी घरांत बहुधा एकाच वाक्यात सांगितले जाते, आणि ते वाक्य असते ‘आता वय झालं’. या वाक्यात सांत्वन असते, थोडी शरणागतीही असते. निदान मात्र नसते, कारण तीन निरनिराळ्या प्रकारचे बदल त्यात एकाच गाठोड्यात बांधले जातात. वयानुसार जवळजवळ प्रत्येकात होणारे बदल हा पहिला प्रकार, शरीर पुरेसे वापरात न राहिल्याने होणारे बदल हा दुसरा आणि उपचार करता येण्याजोग्या आजारांमुळे होणारे बदल हा तिसरा. वार्धक्याकडे सकारात्मक दृष्टीने पाहावे असा उपदेश सर्वत्र केला जातो. परंतु सुरकुत्यांकडे काणाडोळा करणे किंवा मन तरुण असले की शरीरही तरुण राहते असे घोकणे एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर ती दृष्टी पहिल्या मोठ्या आजारपणापर्यंतही टिकत नाही. प्रस्तुत लेखात ती अधिक काटेकोर अर्थाने घेतली आहे : आपल्या शरीरातील बदल या तिन्हींपैकी कोणत्या प्रकारात बसतो हे ओळखणे आणि त्यावरून कोठे स्वीकार करायचा, कोठे सराव वाढवायचा व कोठे डॉक्टरांकडे जायचे हे ठरवणे.

अशा दृष्टीचा आयुष्याशी संबंध असतो, याला संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ बेका लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओहायो राज्यातील एका छोट्या शहरातील पन्नाशीपुढच्या ६६० व्यक्तींनी स्वतःच्या वाढत्या वयाविषयी पूर्वी दिलेली उत्तरे त्यांच्या पुढील आयुर्मानाशी ताडून पाहण्यात आली, तेव्हा वार्धक्याविषयी अनुकूल मत असलेले लोक प्रतिकूल मत असलेल्यांपेक्षा मध्यकाच्या हिशेबाने साडेसात वर्षे अधिक जगल्याचे दिसले. मुळात प्रकृती चांगली असलेल्यांचेच मत अनुकूल असणार, ही शंका येथे रास्त आहे. म्हणून अभ्यासकांनी वय, आर्थिक स्थिती आणि कामे करण्याची शारीरिक क्षमता हे घटक हिशेबात धरले, तरीही फरक उरलाच. यावरून केवळ विचाराने आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही. मात्र विचाराचा परिणाम वागण्यातून शरीरापर्यंत कसा पोहोचतो, हे लेवी यांनी मांडलेल्या उपपत्तीवरून समजते. समाजातील साचेबंद कल्पना माणूस लहानपणापासून ऐकत असतो आणि म्हातारपणी त्याच स्वतःला लावून घेतो, असे ही उपपत्ती सांगते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण विशीत आजोबांवर हसण्यासाठी वापरलेली असते आणि साठीत चष्मा सापडला नाही की ती आपोआप स्वतःवर उलटते. चष्मा तर तिशीतही हरवत होता, एवढे मात्र आठवत नाही. गुडघे गेलेच, असे ज्याने मानले तो जिना टाळतो, जिना टाळल्याने मांडीचे स्नायू आणखी दुबळे होतात आणि सहा महिन्यांनी त्याचा समज खरा ठरल्यासारखा वाटतो.

मराठी परंपरेने वाढत्या वयाला मान दिला आहे, हे खरे. साठीला उग्ररथ शांत, सत्तरीला भीमरथी आणि ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन असे टप्पे ठरलेले असून त्या दिवशी वृद्ध व्यक्तीला मधोमध बसवून औक्षण केले जाते. मात्र याच घरात पुढच्याच आठवड्यात, त्यांना कटकट नको म्हणून, बँकेचे पासबुक त्यांच्या हातून काढून घेतले जाते. आदर आणि अविश्वास असे एकत्र नांदतात, आणि वृद्धांच्या मनात अविश्वासच अधिक खोल रुजतो, कारण औक्षण एका दिवसाचे असते आणि पासबुक रोजचे. वयावरून होणाऱ्या अशा भेदभावाला अमेरिकी वैद्यक रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये स्वतंत्र संज्ञा दिली; मराठीत तिला वयभेद म्हणता येईल. परक्यांच्या तुच्छतेइतकाच घरच्यांच्या काळजीतूनही वयभेद घडतो.

बुद्धी नाठी होते का, या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राने दोन भागांत दिले आहे. नवी माहिती झटपट पकडणे, दोन कामे एकाच वेळी सांभाळणे, अनोळखी कोडे सोडवणे ही प्रवाही बुद्धी होय आणि ती वयानुसार मंदावते. शब्दसंग्रह, अनुभवातून आलेला विवेक आणि विषयाची जाण ही साठवण बुद्धी होय आणि ती साठीपर्यंत व अनेकांमध्ये त्यापुढेही टिकून राहते. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना याची दोन उदाहरणे आपल्याच शहरात सापडतील. न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर (१९३८–२०२५) यांनी उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यानंतरही वैचारिक आणि चरित्रात्मक लेखन चालू ठेवले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्धा येथील शहाण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी भूषवले. येथील विद्यापीठात मराठीचे अध्यापन केलेले समीक्षक सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या ग्रंथाला २०२४ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. तथापि अशी नावे सर्वसामान्य ज्येष्ठांपुढे मापदंड म्हणून ठेवू नयेत. अपवादात्मक माणसाशी केलेली तुलना बहुतेकांना उमेद देण्याऐवजी खजील करते. या उदाहरणांतून एवढेच घ्यावे की आयुष्यभर ज्या विषयात रमलो त्यातली बुद्धी निवृत्तीच्या तारखेला निवृत्त होत नाही.

आता पहिल्या प्रकारातील, म्हणजे खऱ्या अर्थाने वयाच्या बदलांकडे वळता येईल. डोळ्यातील भिंग कडक होत जाते, त्यामुळे चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर धूसर दिसू लागते. केसांच्या मुळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होतात व केस पांढरे होतात. त्वचेला ताण देणारी प्रथिने घटल्याने ती सैल पडते. मणक्यांमधील चकत्या चेपल्याने उंची किंचित कमी होते, तर गाढ झोपेचा वाटा घटल्याने जाग लवकर येते. हे बदल प्रत्येकाच्या वाट्याला येतात, त्यात कोणाचा दोष नसतो आणि त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. केस रंगवावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्याला नैतिक रंग देण्याची गरज नाही, फक्त काळ्या मेंदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांत त्वचेला तीव्र ॲलर्जी करू शकणारे रसायन असते, हे लक्षात ठेवून आधी कानामागे थोडे लावून पाहावे. पहाटे चारला जाग येते म्हणून झोपेची गोळी सुरू करण्याऐवजी दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी आणि संध्याकाळचा शेवटचा चहा सोडावा.

या प्रकारातील एक बदल मात्र धोक्याचा आहे आणि तो दिसत नसल्याने त्याची चर्चाही होत नाही. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते, म्हणजे शरीराला पाणी हवे असते पण घसा कोरडा पडत नाही. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या मराठवाड्यात तहान लागल्यावर पाणी पिऊ हा नियम सत्तरीनंतर उपयोगाचा राहत नाही. सकाळी तांब्या भरून ठेवावा, तो दुपारच्या जेवणापर्यंत रिकामा व्हावा, पुन्हा भरावा आणि संध्याकाळपर्यंत संपवावा. ताक, पन्हे, वरणाचे पाणी हेही यात धरावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर अर्थातच तीच पाळावी.

दुसरा प्रकार न वापरल्याने होणाऱ्या बदलांचा, आणि प्रयत्नांना सर्वाधिक फळ येथेच मिळते. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते व साठीनंतर हा वेग वाढतो. या क्षयाला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. घट वयाने सुरू होत असली, तरी ती किती वेगाने होईल हे बरेचसे वापरावर अवलंबून असते. १९९० मध्ये अमेरिकेत मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांसाठी वजनाचे व्यायाम दिले, तेव्हा व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरीने दुपटीपेक्षा अधिक झाली. नव्वदीतला स्नायूही सरावाला प्रतिसाद देतो, हे या छोट्या अभ्यासाने दाखवले आणि पुढील अनेक अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला.

शहरात सकाळी फिरणाऱ्यांची वाण नाही. सिद्धार्थ उद्यान, गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल, विद्यापीठ परिसर आणि गोगाबाबा टेकडीची वाट पहाटेपासून गजबजलेली असते. परंतु चालणे हृदयासाठी उत्तम असले, तरी ताकद आणि तोल यांसाठी ते पुरे पडत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगितले आहेत. यासाठी व्यायामशाळेची आवश्यकता नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावे, हात छातीवर घ्यावेत, हाताचा आधार न घेता सावकाश उभे राहावे आणि तितकेच सावकाश, धपकन न आपटता, खाली बसावे. सुरुवातीला पाच वेळा, मग आठवड्यागणिक एकेकाने वाढवत दहा-बारा वेळांपर्यंत जावे. सिंकच्या कठड्याला धरून दहा सेकंद एका पायावर उभे राहणे हा तोलाचा सराव चहा उकळेपर्यंतही होतो. जमिनीवर मांडी घालून बसण्याची सवय ज्यांची अजून मोडलेली नाही, त्यांनी ती डायनिंग टेबलाच्या प्रतिष्ठेसाठी सोडू नये, कारण खाली बसणे आणि उठणे हाच मोठा व्यायाम आहे. ज्यांचे गुडघे फार झिजले आहेत त्यांनी मात्र तो हट्ट धरू नये.

स्नायूंना सरावाइतकीच प्रथिनांची गरज असते आणि मराठवाड्यातील वृद्धांच्या ताटात नेमकी तीच कमी पडतात. दात गेले की भाकरी सुटते, भाकरीबरोबर उसळही सुटते, आणि एकट्या राहणाऱ्यांचे रात्रीचे जेवण चहा व टोस्टवर येऊन थांबते. निरोगी वृद्धाला दर किलो वजनामागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत असे पोषणतज्ज्ञ मानतात; मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. घट्ट वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मऊ शिजवलेली मटकी किंवा मूग, पिठले, दही आणि चालत असल्यास अंडे यांतून ही गरज बऱ्याच अंशी भागते, तर तीळ, जवस, कारळे यांच्या घरोघरी होणाऱ्या चटण्या बारीक कुटल्यास कवळी लावणाऱ्यालाही खाता येतात.

तिसरा प्रकार आजारांचा आहे, आणि ‘वय झालं’ या वाक्याने सर्वाधिक नुकसान येथेच होते. मोतीबिंदू वयाबरोबर येत असला, तरी तो शस्त्रक्रियेने दूर होतो. दात पडणे हे वयाचे लक्षण नसून बहुधा हिरड्यांच्या दुर्लक्षित रोगाचे असते. रात्री चार-पाचदा लघवीला उठावे लागणे यामागे प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, मधुमेह किंवा रक्तदाबाची एखादी गोळी असू शकते. कानांचेही तसेच आहे. वयामुळे आधी उंच स्वरांची जाण कमी होते, त्यामुळे स, श, फ यांसारखे वर्ण निसटतात आणि माणूस ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी तक्रार करतो. कधी कधी मात्र केवळ कानातला मळ काढून प्रश्न सुटतो. डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहार अडतील इतकी स्मृती व आकलन यांची घसरण, टाळण्यासाठी ज्या गोष्टी बदलता येतात त्यांत बहिरेपणावरील उपचारांचा समावेश ‘लॅन्सेट’ आयोगाने २०१७ पासून केला आहे. असे असूनही चष्मा लावताना कोणी लाजत नाही आणि कानाचे मशीन खिशात राहते. विस्मरणाच्या बाबतीत ढोबळ फरक असा : नाव आठवले नाही पण संध्याकाळी आठवले, हे वयाचे; गुलमंडीतून वर्षानुवर्षे ज्या वाटेने घरी आलो तीच चुकली, किंवा तोच प्रश्न अर्ध्या तासात तिसऱ्यांदा विचारला, हे तपासण्याचे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते आणि या तिन्हींवर उपचार आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत या प्रकाराला संकोचाचे कुलूप असते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते, हे आता बरेच माहीत झाले आहे. परंतु खोकताना किंवा शिंकताना लघवीवर ताबा न राहणे, ‘अंग बाहेर येणे’ म्हणजे गर्भाशय खाली सरकणे, या तक्रारी सख्ख्या बहिणीलाही सांगितल्या जात नाहीत. त्यातून लग्नसमारंभ टाळले जातात, एस. टी. चा प्रवास नको वाटतो, आणि घरचे समजतात की आईला आता कशात रस राहिला नाही. कटिभागाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे आकुंचन करण्याचा सोपा व्यायाम यातील अनेक स्त्रियांना उपयोगी पडतो. फिजिओथेरपिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ तो दहा मिनिटांत शिकवू शकतात.

ज्या क्षमता परत येणार नाहीत, त्यांच्या बाबतीत काय करावे, याचे सर्वांत उपयुक्त उत्तर जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी दिले आहे. निवड, सराव आणि भरपाई अशी त्याची तीन अंगे आहेत. पियानोवादक आर्थर रूबिनस्टाइन उतारवयात मोजक्याच रचना वाजवत, त्यांचाच अधिक सराव करत आणि जलद भागापूर्वीची लय मुद्दाम थोडी संथ ठेवत, जेणेकरून पुढचा वेग श्रोत्यांना अधिक भासे. हे उदाहरण बाल्टेस देत असत. आपल्याकडे वयस्क गायक पट्टी उतरवतो, तानांची आतषबाजी कमी करून आलापीवर भर देतो, तेव्हा तो हेच करत असतो. संभाजीनगरकरांना ओळखीचे उदाहरण खुलताबादच्या भद्रा मारुतीचे आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून सुमारे २५ किलोमीटर पायी जाण्याचा अनेकांचा वर्षानुवर्षांचा नेम असतो आणि तो मोडला की म्हातारपण आल्याची पहिली टोचणी लागते. अशा वेळी सगळा नेम सोडून देण्याऐवजी दौलताबादपर्यंत वाहनाने जावे किंवा अगदी शेवटचा टप्पाच पायी करावा, ही निवड. त्यासाठी महिनाभर आधीपासून चालण्याचे अंतर वाढवावे, हा सराव. आणि काठी, चांगले बूट व सोबतीला नातू घ्यावा, ही भरपाई. काठीची लाज वाटण्यापेक्षा पडणे महाग पडते, आणि खुब्याचे हाड मोडलेल्यांना हे उशिरा उमगते.

घराची रचनाही भरपाईचाच भाग आहे. शहागंज-औरंगपुऱ्याकडील जुन्या घरांचे उंच उंबरे व अरुंद जिने जितके त्रासदायक, तितक्याच सिडकोतील नव्या घरांच्या गुळगुळीत फरश्या घसरणाऱ्या असतात. या शहरात त्यात पाण्याच्या दिवसाची भर पडते. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, त्यामुळे त्या दिवशी पिंप, बादल्या, कळश्या सगळे भरून घ्यायची धांदल उडते, ओटा आणि बाथरूम ओले राहते, आणि एरवी सावध असणारी सत्तरीची गृहिणी भरलेली बादली घेऊन त्याच ओल्या फरशीवरून वळते. पाण्याच्या दिवसापुरती कामाची वाटणी आधी ठरवून ठेवावी : नळीने थेट पिंप भरावे, उचलण्याचे काम तरुणांनी करावे, वेळेवर आणि मोजणीवर लक्ष ठेवण्याचे काम ज्येष्ठांकडे राहावे. बाथरूममध्ये भिंतीला पक्की दांडी आणि संडासच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा, एवढा खर्च एका एक्स-रेच्या आसपास होतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्यावाचून सकारात्मकतेचा सल्ला सुखवस्तूंचा ठरेल. बीड-जालन्याकडील ऊसतोड कामगार पंचेचाळिशीत ‘वय झालं’ म्हणतो, तेव्हा तो आळसाची सबब सांगत नसतो. त्याचा मणका खरोखरच झिजलेला असतो. बीड जिल्ह्यातील स्त्री कामगारांवर झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. अशा शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेले, तर रजोनिवृत्ती अकाली येते आणि तिच्याबरोबर हाडांची झीजही. अशांना आधी विश्रांती, मजुरी आणि निवृत्तिवेतन लागते. पासष्टीपुढील गरजूंसाठी श्रावणबाळ योजना, सत्तरीपुढील सर्वांसाठी २०२४ पासून लागू झालेले आयुष्मान भारतचे विमाकवच, पंचाहत्तरीनंतर एस. टी. चा मोफत प्रवास आणि अडचणीत सल्ला देणारी १४५६७ ही हेल्पलाइन यांची माहिती शेजारच्या निरक्षर वृद्धाला देणे, अर्ज भरून देणे, हे निवृत्त शिक्षक-कारकुनांना सहज जमणारे काम आहे. ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकीत साखर, बीपी आणि मुलांच्या तक्रारी यांपलीकडे विषय सरकवायचा असेल, तर असे काम त्याला पुरेल.

डॉक्टरांकडे जाताना वर सांगितलेली वर्गवारी हाताशी ठेवावी. घाटी रुग्णालयात वृद्धांच्या आजारांसाठी स्वतंत्र जेरियाट्रिक्स विभाग आहे. तेथे किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी कागदावर तीनच तक्रारी लिहाव्यात, प्रत्येकीपुढे ती कधीपासून आहे आणि तिच्यामुळे कोणते काम अडते हे टिपावे, कारण ‘सगळंच दुखतं’ या उत्तराला ‘वय झालं’ हेच प्रत्युत्तर मिळते. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्णे आणि शेजाऱ्याने दिलेली दुखणे थांबवणारी गोळीसुद्धा एका पिशवीत घालून न्यावी. दुखणे थांबवणाऱ्या अनेक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडाला इजा करतात आणि रक्तदाब वाढवतात. सोबत आलेल्या मुलाने किंवा सुनेने डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्येष्ठांना स्वतः देऊ द्यावे. त्यांच्याकडून राहून गेलेले नंतर जोडता येते.